काडीमोड, फारखत आणि हुकूमनामा

लग्न झाल्याचा पुरावा सहसा कोणी मागत नाहीं. मांडव, वाजंत्री, पंगत आणि अक्षता टाकणारे चारदोनशें लोक हेच त्याचे साक्षीदार असतात. शिवाय लग्नपत्रिका असते, यादी असते, आहेराचा हिशेब असतो. आणि हे कागद घरोघर हौसेनें जपलेले आढळतात. पण तेंच लग्न मोडतें तेव्हां वाजंत्री नसते आणि पंगतही नसते. त्या गोष्टीचा कागद झालाच, तर तो ट्रंकेच्या तळाशीं जातो, आणि पुष्कळदां चुलींतही जातो. वास्तविक पुढें नड लागावयाची ती याच कागदाची. लग्न झालें याला सारा गांव साक्ष देतो. तें मोडलें याला बहुधा तो एक कागदच साक्ष देणारा असतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत असे कागद पूर्वीं कोणाजवळ असत, आज ते कोठें असतात आणि ते कसे मागावे, हा विषय मीं आज घेतला आहे. विषय कोर्टकचेरीचा, म्हणून रूक्ष वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं एक साधा आणि जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. लग्नांतून मोकळ्या झालेल्या स्त्रीनें आपण मोकळ्या आहों हें सिद्ध करावें तरी कशावरून? या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें मिळालीं, त्यांचाच हा इतिहास आहे.

प्रथम आपल्या भाषेंतील शब्दांकडे पाहूं. कारण कागद नाहींसे होतात, पण शब्द मागें राहतात. सर्वांत साधा शब्द ‘काडीमोड’. पंचांसमक्ष गवताची काडी मोडून टाकली कीं संबंध तुटला. यांत लेखन मुळींच नाहीं. काडी मोडतांना जे हजर होते त्यांची आठवण, एवढाच पुरावा. दुसरा शब्द ‘सोडचिठ्ठी’. येथें चिठ्ठी आली, परंतु ती सोडणाऱ्यानें द्यावयाची. तिसरा शब्द ‘फारखत’, बोलण्यांतली फारकत. हा शब्द मुसलमानी अमदानींतील दप्तरांतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ हक्क सोडल्याचा किंवा देणें फिटल्याचा लेख. सावकाराचें कर्ज फिटलें कीं फारखत, भाऊभाऊ वेगळे झाले कीं फारखत, आणि नवराबायको वेगळीं झालीं तरी तीही फारखतच.

चौथा शब्द ‘घटस्फोट’. आज आपण तो सर्रास वापरतों, पण त्याचें मूळ पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. धर्मशास्त्रांत घटस्फोट हा जातिबहिष्काराचा विधि होता. पतित ठरलेल्या माणसाच्या नांवानें पाण्याचा घडा पालथा करीत किंवा फोडीत, आणि तो मेला असें समजून त्याच्याशीं सर्व व्यवहार बंद करीत. विवाहविच्छेदाला हाच शब्द रूढ व्हावा, यावरून लग्न मोडलेल्या माणसाकडे, आणि विशेषतः बाईकडे, समाज कोणत्या दृष्टीनें पाहत होता हें दिसून येतें. आजच्या न्यायालयाच्या अर्जावर हा शब्द लिहितांना कोणाच्या मनांत तो जुना घडा नसतो. परंतु शब्दांत तो आहे.

आतां चालीरीतींकडे वळूं. हिंदु समाजांत घटस्फोट कधींच नव्हता, असें पुष्कळ सुशिक्षित लोक समजतात. तें अर्धेंच खरें आहे. ब्राह्मणांदि वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत तो नव्हता. परंतु शेती आणि कारागिरी करणाऱ्या अनेक जातींत पंचांच्या संमतीनें लग्न मोडण्याची आणि मोकळ्या झालेल्या बाईनें पुन्हां संसार मांडण्याची रीत होती. या दुसऱ्या संबंधाला पाट किंवा मोहतूर म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतसुद्धां, कांहीं विवाहप्रकार वगळून, नवराबायकोंचा एकमेकांविषयीं द्वेष असल्यास सुटका सांगितलेली आहे. म्हणजे प्रथा जुनी आहे. ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या घरीं ती नव्हती, म्हणून ती ग्रंथांत थोडी आणि व्यवहारांत फार, असा प्रकार झाला.

अशा वेळीं फारखत लिहिली गेलीच, तर गांवांत जो लिहितां येणारा असेल त्याच्या हातची, मोडी लिपींतली. खालीं पंचांच्या निशाण्या. सही करतां न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, आणि इतर लोक आपापल्या धंद्याच्या हत्याराची करीत. कागद एकच होई, आणि तो कोणाच्या घरीं राहिला यावर पुढचें सारें अवलंबून असे. बाईच्या भावाकडे असला तर तिचें दैव. पाटलाच्या किंवा पंचाच्या घरीं राहिला तर तो पंच जिवंत असेपर्यंत, आणि त्याची मर्जी असेपर्यंत. सरकारांत त्याची नोंद होण्याचें कारण नव्हतें. पाटाची थोडी नोंद झाली ती वेगळ्याच कारणानें. पेशवाईच्या मुलखांत पाटावर कर असे, त्याला ‘पाटदाम’ म्हणत. आणि कर वसूल झाला म्हणजे तो जमाखर्चांत दिसावयाचाच. बाईचें दुःख कोणी लिहून ठेवलें नाहीं, पण तिच्या दुसऱ्या लग्नावरचा कर मात्र लिहून ठेवला.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. दक्षिणेंतील जातीजातींच्या रीती काय आहेत, हें इंग्रजांना समजून घेणें भाग पडलें. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतांना आर्थर स्टील या अधिकाऱ्यानें पंडितांना आणि जातींच्या पुढाऱ्यांना विचारून दक्षिणेंतील हिंदु जातींचे कायदे व रूढि यांचा एक संग्रह तयार केला. तो १८२७ सालीं छापला गेला. काडीमोड, पाट, मुलें कोणाकडे राहावीं, दागिने कोणाचे, हे प्रश्न त्यांत आले आहेत. त्या वेळच्या रीतींची माहिती हवी असेल त्यानें हा ग्रंथ अवश्य पाहावा. मात्र त्यांत रीत सांपडेल. अमक्या बाईचा अमका कागद सांपडणार नाहीं.

येथें आपल्या जिल्ह्याचा इतिहास लक्षांत घ्यावा लागतो, कारण आपला जिल्हा इंग्रजी अमलांत नव्हता. तो निजामाच्या राज्यांत होता. पूर्वीं जिल्ह्याचें मुख्य ठिकाण नळदुर्ग होतें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा हा मुलूखही इंग्रजांकडे लावून दिला, आणि मेडोज टेलर हा पुढें ग्रंथकार म्हणूनही प्रसिद्ध असलेला अधिकारी नळदुर्गास राहून कारभार पाहूं लागला. १८६० च्या तहानें हा मुलूख निजामाकडे परत गेला. पुढें शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून धाराशिवला उस्मानाबाद म्हणूं लागले. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. अखेर २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव पुन्हां सरकारी झालें.

हा सगळा घटनाक्रम कागद शोधणाऱ्याला तोंडपाठ असावा लागतो. राज्य बदललें कीं दप्तराची भाषा बदलते, सनावळी बदलते, आणि अपिलाचें ठिकाणही बदलतें. निजामाच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची कोर्टांतली मिसल उर्दूंत असते. तींत जोडलेला घरगुती कागद मोडींत असतो. आणि तारीख असते फसली सनाची. महिने आझूर, दै, बहमन, इस्फंदार असे. शेवटच्या निजामाच्या काळांत फसली वर्ष ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे तें वर्ष ज्या ऑक्टोबरांत सुरू झालें त्याचें इसवी साल निघतें. उदाहरणार्थ, १३४० फसली म्हणजे ऑक्टोबर १९३० पासून पुढचें वर्ष. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळें हातांत आलेला कागदसुद्धां ओळखूं येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. त्या काळचा हिंदु घटस्फोट शोधतांना ‘घटस्फोटाचा दावा’ असा शोध घेतल्यास बहुधा निराशाच पदरीं पडते. काडीमोड पंचांत होई, कोर्टांत नव्हे. कोर्टांत भांडण जाई तें पोटगीचें, दागिन्यांचें, मुलाच्या ताब्याचें किंवा जमिनीच्या वारशाचें. तेव्हां जुनी फारखत सांपडलीच, तर ती अशा दुसऱ्याच दाव्याच्या मिसलींत पुरावा म्हणून जोडलेली सांपडण्याचा संभव अधिक. मुसलमान कुटुंबांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यांत तलाक आणि खुला हे प्रकार शरियतीनें मानलेले; निकाहाची नोंद काझीकडे असे, आणि तलाकनामा झाला असल्यास त्याचाही माग काझीच्या घराण्याकडे प्रथम काढावा.

आतां शेजारच्या इंग्रजी मुलखांत काय चाललें होतें तें पाहूं. तेथें कोर्टें होतीं, छापील कायदे होते. म्हणून हिंदु स्त्रीची वाट सोपी होती काय? मुळींच नाहीं. पारशांना १८६५ सालीं आणि ख्रिस्त्यांना १८६९ सालीं घटस्फोटाचा कायदा मिळाला. हिंदूंना मिळाला नाहीं. उलट १८७६ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें एका खटल्यांत असें ठरविलें कीं, लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईला दुसरें लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालयें मानणार नाहींत. जातीच्या जुलमापासून माणसाला सोडविण्याचा यांत हेतु असेल. परंतु परिणाम असा झाला कीं केवळ पंचांच्या भरंवशावर दुसरें लग्न करणारी बाई गुन्हेगार ठरण्याचें भय उत्पन्न झालें. जातीनें दिलेली सुटका सरकार मानीना, आणि सरकारची स्वतःची सुटका तर नव्हतीच.

या कोंडींत सांपडलेलें सर्वांत प्रसिद्ध नांव रखमाबाईंचें. बालपणीं लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास तयार नव्हत्या. त्यांचे पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल बाईंच्या बाजूनें दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांच्या विधवा आईचा पुनर्विवाह जातीच्या रीतीनें निर्वेधपणें झाला होता. परंतु मुलीला घटस्फोट देणारा कायदाच नसल्यामुळें देशांतल्या एका बड्या न्यायालयाच्या दप्तरांत तिच्या खटल्याचे कागदच कागद आहेत, पण घटस्फोटाचा हुकूमनामा नाहीं.

पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं आपल्या राज्यांत हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला, आणि मुंबई प्रांतांत तो १९४७ सालीं आला. त्याच्या आदल्याच वर्षीं तेथें एक बायको असतां दुसरी करण्यास बंदी झाली होती. आतां बार्शी आणि धाराशिव हीं दोन गांवें डोळ्यांपुढें आणा. बैलगाडीनें एका दिवसाची वाट. बोली एक, जाती त्याच, सोयरीकही एकमेकांत. परंतु बार्शी मुंबई प्रांतांत आणि धाराशिव निजामाकडे. १९४७ सालीं बार्शीस नांदणारी सून नव्या कायद्यानें न्यायालयांत जाऊं शकत होती. धाराशिवास दिलेल्या तिच्या बहिणीला मात्र जुन्याच पंचांच्या ओट्यावर जाऊन बसणें प्राप्त होतें. राज्याची सीमा घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी येते, याचें हें ठळक उदाहरण.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच होता असें नाहीं. खुद्द इंग्लंडांत १८५७ पर्यंत पुन्हां लग्न करण्याची मोकळीक देणारा घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो श्रीमंतांनाच परवडे. १८५७ च्या कायद्यानें त्यासाठीं लंडनला न्यायालय झालें, आणि सामान्य माणसाच्या जवळच्या काउंटी कोर्टांत असे दावे जाऊं लागले ते १९६७ च्या कायद्यानें. अमेरिकेंत तर अनेक राज्यांत घटस्फोटाचा निकाल हा सार्वजनिक कागद समजला जातो. काउंटी कोर्टांतील कारकुनाकडे फी भरून कोणीही त्याची नक्कल मागूं शकतो. आपल्या देशानें या बाबतींत निराळा मार्ग धरला आहे, तो आतां सांगतों.

१८ मे १९५५ रोजीं हिंदु विवाह कायदा अमलांत आला, आणि बार्शी-धाराशिवांतला भेद मिटला. नवऱ्याला आणि बायकोला जिल्हा न्यायालयांत घटस्फोट मागण्याचा हक्क सर्वत्र मिळाला. जातीच्या रीतीनें होणारा घटस्फोटही या कायद्यानें रद्द केला नाहीं. ज्या जातींत ती रीत सिद्ध होईल तेथें ती राखून ठेवली. पुढें १९७६ सालीं या कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली. उभयतांच्या संमतीनें घटस्फोट घेण्याची सोय झाली, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच दुरुस्तीनें आलेल्या दोन लहान वाक्यांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तींच महत्त्वाचीं आहेत.

पहिलें वाक्य तेविसाव्या कलमांत आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला कीं न्यायालयानें त्याची एक एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य दिली पाहिजे. शेंकडों वर्षें जो कागद एकच होता आणि दुसऱ्याच्या ट्रंकेंत असे, त्याच्या दोन प्रती झाल्या, आणि एक बाईच्या हातीं कायद्यानें आली. दुसरें वाक्य बाविसाव्या कलमांत आहे. या कायद्याखालील प्रत्येक कामकाज बंद दाराआड चालावें आणि तें छापून प्रसिद्ध करणें हा गुन्हा समजावा. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या परवानगीनें छापतां येतो, एवढाच अपवाद. म्हणजे अमेरिकेंतल्याप्रमाणें शेजाऱ्यापाजाऱ्यानें जाऊन कोणाच्याही घटस्फोटाची नक्कल मागावी, असा येथें प्रकार नाहीं. हक्काचा कागद हक्काच्या माणसाला, आणि इतरांपासून आडोसा, असें हें धोरण आहे. आणि मला तें योग्य वाटतें.

आतां प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा तें क्रमानें पाहूं. प्रथम साल ठरवावें. १९४८ पूर्वींचा हिंदु घटस्फोट असेल, तर घरांतली जुनी बासनें, पंचांच्या वंशजांकडील कागद आणि जमिनीच्या दाव्यांच्या मिसली पाहाव्या. निजामकालीन सरकारी दप्तराचा मोठा सांठा हैदराबादच्या पुराभिलेखागारांत आहे, आणि महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचें एक कार्यालय छत्रपती संभाजीनगरास आहे. १९५५ नंतरचा असेल, तर जिल्हा न्यायालय आणि त्याखालचीं दिवाणी न्यायालयें. दावा लग्न जेथें लागलें, किंवा नवराबायको शेवटचीं एकत्र जेथें राहिलीं, किंवा ज्याच्यावर दावा आहे तो जेथें राहतो, तेथें चालतो. आणि २००३ पासून बायको जेथें राहते तेथेंही ती दावा लावूं शकते. म्हणून मुलगी तुळजापूरची आणि सासर सोलापूरचें असेल, तर दोन्ही जिल्ह्यांत चौकशी करावी. जेथें १९८४ च्या कायद्याप्रमाणें कौटुंबिक न्यायालय झालें आहे, तेथें असे दावे त्या न्यायालयाकडे जातात.

जिल्ह्याच्या सीमाही बदलल्या आहेत. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्यें वेगळा झाला. तोंपर्यंत तो मुलूख उस्मानाबादेंतच होता. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पूर्वीं बीदर जिल्ह्यांत होते. तेव्हां लातूरकडच्या माणसानें जुनी मिसल धाराशिवास, आणि त्याहून जुनी बीदरकडे, पाहण्याची तयारी ठेवावी. अपिलाचे कागद १९५६ पूर्वीं हैदराबादेस, नंतर मुंबईस, आणि १९८१ सालीं उच्च न्यायालयाचें कामकाज औरंगाबादेस सुरू झाल्यावर तेथें, असा क्रम आहे. आणि शोधतांना उस्मानाबाद व धाराशिव हीं दोन्ही नांवें घालून पाहावीं.

अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे करावयाचा असतो. त्यांत दाव्याचा क्रमांक व साल, दोन्ही पक्षांचीं नांवें, न्यायालय आणि निकालाची तारीख लिहावी, आणि ठरलेल्या रकमेचें कोर्ट फी तिकीट लावावें. क्रमांक ठाऊक नसेल, तर अलीकडच्या वर्षांच्या दाव्यांसाठीं इ-कोर्टच्या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराच्या नांवावरून शोध घेतां येतो. प्रत्येक दाव्याला तेथें सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक दिलेला असतो, तो टिपून ठेवावा. त्याहून जुन्या दाव्यांसाठीं न्यायालयांतील नोंदवही पाहण्याची विनंति करावी लागते. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यांत न्यायाधीशानें कारणें दिलेलीं असतात, दुसऱ्यांत विवाह संपुष्टांत आल्याचा थोडक्यांत हुकूम असतो. दोन्हींच्या नकला मागाव्या, आणि अपील झालें होतें कीं नाहीं हेंही विचारून घ्यावें. कारण अपिलाची मुदत, जी आज नव्वद दिवसांची आहे, संपल्याखेरीज दुसरें लग्न करतां येत नाहीं. दाव्यांत पक्षकार नसलेल्यानें, उदाहरणार्थ वारसानें, नक्कल मागतांना आपला संबंध आणि कारण स्पष्ट करावें. नक्कल द्यावी कीं नाहीं हें न्यायालय ठरवितें.

परंतु श्रोतेहो, ज्यांना कागदच झाला नाहीं त्यांचें काय? असे लोक थोडे नाहींत. पंचांसमक्ष काडीमोड झाली, दोघांनीं वेगळे संसार मांडले, वीस वर्षें लोटलीं. आणि मग नवरा वारल्यावर निवृत्तिवेतनाचा किंवा जमिनीचा प्रश्न निघतो. त्या वेळीं पहिली बायको कीं दुसरी, हा वाद उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं असें स्पष्ट केलें कीं, रूढीनें घटस्फोट झाला असें जो म्हणतो त्यानें ती रूढि आपल्या जातींत आहे हें मांडून सिद्ध केलें पाहिजे; नुसता कागद लिहून दिल्यानें लग्न सुटत नाहीं. म्हणजे मुद्रांकावर नोटरीपुढें लिहून दिलेली सोडचिठ्ठी हें आजही पुष्कळांना पक्कें काम वाटतें, तें पक्कें नाहीं. ज्यांचा असा रूढीचा घटस्फोट झाला असेल त्यांनीं साक्षीदार हयात आहेत तोंच दिवाणी न्यायालयांतून तसें जाहीर करून घ्यावें, हाच सुरक्षित मार्ग.

शाळामास्तर म्हणून माझ्या नोकरींत जून महिना आला कीं ही गोष्ट डोळ्यांनीं दिसे. मूल हाताशीं धरून एकटी आई येई. अर्जावर वडिलांचें नांव, वडिलांची सही, पूर्वींच्या शाळेचा दाखला. ती म्हणे, आमची फारकत झाली आहे. कागद आहे का, म्हटलें कीं ती खालीं पाही. कागद सासरी असे, किंवा मामाकडे असे, किंवा तो कधीं झालेलाच नसे. पोराचा दाखला आणण्यासाठीं ज्या घरांतून ती बाहेर पडली त्याच घराच्या दारांत तिला पुन्हां उभें राहावें लागे. शासनाच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या मदतीसाठींही घटस्फोट झाल्याचा पुरावा लागतोच. ज्या बाईजवळ हुकूमनाम्याची नक्कल असे तिचें काम एका खेपेंत होई. तिच्या बोलण्यांतही फरक जाणवे. ती विनवणी करीत नसे, माहिती देत असे.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य मला एवढेंच दिसतें. काडी मोडणारा पुरुष आणि साक्ष देणारे पंच यांच्या मर्जीवर बाईची सुटका जोंपर्यंत अवलंबून होती, तोंपर्यंत ती खरी सुटका नव्हती. हुकूमनाम्यानें लग्न मोडल्याचें दुःख कमी होत नाहीं, तें कोणत्याच कागदानें होत नाहीं. परंतु झालेली गोष्ट झाली असें म्हणण्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ तो येऊं देत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं असा निकाल झाला असेल त्यांनीं आपली विनामूल्य प्रत आठवणीनें मागून घ्यावी, तिच्या दोन छायाप्रती काढाव्या, आणि मूळ प्रत बाईनें स्वतःजवळ ठेवावी. भावाजवळ नव्हे, वकिलाजवळही नव्हे. आणि ज्यांच्या घरीं मोडी किंवा उर्दूंतले जुने कागद असतील त्यांनीं ते वाचतां येत नाहींत म्हणून टाकून देऊं नयेत. वाचणारा मिळतो, कागद गेला कीं मिळत नाहीं. त्यांत एखाद्या पणजीची फारखत असेल, आणि तिच्या नांवाचा उल्लेख असलेला साऱ्या घरांतला तो एकच कागद असेल.